कापडाचा आसरा



मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक खुर्च्या-पलंग घडविणाऱ्या कलावंतांविषयी बोलावयास उभा राहतो, याचे आपणांस नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी हस्तव्यवसायाच्या तासाला आम्हांला टकळीवर सूत काढावयास शिकविले. सूत जाडेभरडे निघाले तरी ते रागावत नसत. ‘चिमटीत धरून पाहा’, एवढेच म्हणत. या हाताने पाहण्याविषयीच मला बोलावयाचे आहे.

रोनान आणि एर्वान बुरुलेक हे फ्रान्समधील ब्रिटनी प्रांताचे बंधू. जन्म अनुक्रमे १९७१ व १९७६ सालचा. त्यांच्या प्रांतात पूर्वी कपाटासारखी बंद होणारी लाकडी शय्या असे. २००० साली, दोघेही तिशीच्या आत असताना, त्यांनी तेच नाव देऊन खांबांवर उचललेली एक शय्या रचली. तिला पलंग म्हणावे तर ती खोली वाटते आणि खोली म्हणावे तर पलंग! पुढे त्यांचे लक्ष कापडाकडे वळले. २००६ साली क्वाड्राट या डॅनिश वस्त्रकंपनीसाठी त्यांनी कापडी फरशा केल्या. त्यांच्या घड्या एकमेकींत अडकविल्या की भिंत उभी राहते. त्यापाठोपाठच्या ‘क्लाउड्स’ या रचनेत कापडी तुकडे रबराने जोडण्याचे काम त्यांनी घेणाऱ्यावरच सोपविले. आडोसा किती वाढवावा, कोठे वळवावा, हे राहणाऱ्याने ठरवावयाचे.

२०११ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात या बंधूंनी तीस मीटर लांब, आठ मीटर रुंद असे मऊ कापडाचे एक शेतच अंथरले. जागा निवडली ती राफाएलच्या दालनाची. तेथील सात भव्य चित्रे मुळात सिस्टीन चॅपेलच्या भित्तिवस्त्रांचे नमुने होत. ती पाहून ब्रुसेल्सच्या विणकरांनी वस्त्रे विणली. विणण्यासाठी काढलेली चित्रे लोकांनी कापडावर पहुडून पाहिली! ‘हात लावू नये’ या पाटीच्या धाकात वाढलेल्या माझ्या पिढीला याचा हेवा वाटावा.

आपल्या भाषेत राहुटी, डेरा, पाल, कनात, शामियाना असे कापडी आसऱ्याचे शब्द विपुल आहेत. पण मला सर्वांत जवळची वाटते ती आईच्या जुन्या लुगड्याची झोळी. मूल आत निजले की तिला आकार येतो. मूल उचलले की उरते ते नुसते लोंबते लुगडे. या रचनाकारांना जे साधावयाचे होते, ते याहून फार निराळे नसावे.

मात्र एक प्रश्न मला अस्वस्थ करतो. संग्रहालयातला माणूस अर्ध्या तासाने उठून घरी जातो. ज्याला जावयास घरच नाही, त्याचे काय? जॉर्डनच्या अबीर सैकली यांनी हा प्रश्न टाळला नाही. वाळवंटातील बदू स्त्रिया शेळीच्या केसांचे तंबू विणतात. त्या परंपरेतून विस्थापितांसाठी घडी होणाऱ्या दुपदरी कापडी घराची कल्पना त्यांनी मांडली. पावसाचे पाणी साठवावे, उन्हाची ऊर्जा धरावी, अशी योजना होती. २०१३ साली तिला लेक्ससचा रचना-पुरस्कार मिळाला. कल्पना मोलाची, तथापि पारितोषिक आणि पाऊस यांत अंतर असते, हे आपण माळव्यातल्या लोकांना सांगावयास नको.

त्याच जॉर्डनमध्ये २०१२ साली सीरियन निर्वासितांसाठी झातारीची छावणी उघडली. प्रथम तंबू आले, मागाहून पत्र्याच्या तयार खोल्या. तेव्हा तेथील कुटुंबांनी काय करावे? त्या खोल्या त्यांनी आपल्या सोयीने हलवून समोरासमोर मांडल्या, आणि तंबूंचे कापड मधल्या मोकळ्या जागेवर ताणून घरोघरी अंगणे केली.