मेंदूचा विकास, जनुकं आणि दोषाचा प्रश्न

दोन वर्षांचं मूल बोलत नाही, हाकेला वळून बघत नाही, किंवा चालायला लागलेलं मूल पुन्हा बसून राहायला लागतं, तेव्हा घरात दोन प्रश्न येतात. आता काय करायचं, हा एक. हे कुणामुळे झालं, हा दुसरा. पहिल्यासाठी डॉक्टर शोधावा लागतो. दुसऱ्याचं उत्तर द्यायला नातेवाईक आणि शेजारी तयारच असतात, आणि बोट बहुतेक वेळा आईकडे जातं. ग्रहणात तिने विळी हातात घेतली असेल, गरोदरपणात दगदग केली असेल, तिच्या माहेरी असं कुणीतरी असेल. हे फक्त आपल्याकडचं अज्ञान आहे असं मात्र समजू नये. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. ही अवस्था जन्मजात दिसते असं त्यांनी लिहिलं, पण त्याच लेखात पालकांच्या कोरड्या स्वभावाचीही नोंद केली. पुढे त्या नोंदीतून ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द रूढ झाला. शिकागोचे ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात मुलाच्या मिटून जाण्याचं मूळ पालकांच्या, विशेषतः आईच्या, मनातल्या नकारात शोधलं. ग्रहणाची विळी आणि विद्यापीठातला सिद्धान्त यांचा निवाडा एकच होता. ‘कुणामुळे’ हा प्रश्न बाजूला सारून ‘कशामुळे’ हा प्रश्न विचारायला जनुकशास्त्राने शिकवलं. औषधं अजून थोडी आहेत, तरी हे काम मी फार मोठं मानतो. ते अर्धवट राहिलं आहे, आपल्या देशात तर जास्तच, आणि आज त्याविषयीच बोलायचं आहे.

१९३४ साली ऑस्लोमध्ये एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन आस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टरांकडे गेली. दोन्ही मुलांची बुद्धी वाढत नव्हती, आणि त्यांच्या अंगाला कुबट वास येतो, ही तिची तक्रार अनेक डॉक्टरांनी कानाआड केली होती. फोलिंग वैद्यकाइतकेच रसायनशास्त्रातही तयार होते. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले. तांबूस-तपकिरी रंग येईल किंवा काहीच होणार नाही, असा अंदाज होता. लघवी गडद हिरवी झाली. मग त्यांनी कित्येक लिटर लघवी जमवून त्यातला पदार्थ वेगळा काढला. तो होता फिनाइलपायरुव्हिक आम्ल. अन्नातल्या प्रथिनांमधलं फिनाइलअ‍ॅलनिन या मुलांच्या शरीरात नीट मोडत नव्हतं, साचत होतं आणि वाढत्या मेंदूला इजा करत होतं. आज या विकाराला आपण फिनाइलकीटोन्युरिया म्हणतो. ‘मतिमंद’ या एका शब्दाखाली कोंबलेल्या हजारो मुलांतल्या काहींना पहिल्यांदाच कारण मिळालं, आणि ज्या आईचं कुणी ऐकत नव्हतं तिचं निरीक्षण बरोबर ठरलं.

स्वमग्नतेच्या बाबतीत आईवरचा आरोप जायला आणखी चाळीस वर्षं लागली. सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमधल्या २१ जुळ्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडं स्वमग्न होती. द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही नव्हती. संख्या लहान आहे, पण आई तीच, घर तेच, संगोपन तेच असताना पडलेला हा फरक आईच्या मायेने किंवा मायेच्या अभावाने समजावता येत नाही. एकबीज जोड्यांतही सात ठिकाणी दोघं सारखी नव्हती हेही विसरू नये. स्वमग्नतेची बहुतेक उदाहरणं एका जनुकाने उलगडत नाहीत. शेकडो जनुकांचे छोटे-छोटे वाटे त्यात असतात, आणि जन्माच्या आगेमागे घडणाऱ्या गोष्टींचेही.

विकासाचा गंभीर अडथळा असलेल्या मुलांचं चित्र मात्र वेगळं निघालं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या जनुकीय सेवाकेंद्रांनी आणि केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेने मिळून तेरा हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास केला. ‘डिसायफरिंग डेव्हलपमेंटल डिसऑर्डर्स’ हे त्या प्रकल्पाचं नाव. पद्धत सांगायला सोपी आहे. मुलाचा आणि शक्य तिथे आईवडिलांचा, असे तीन नमुने शेजारी ठेवायचे आणि आईवडिलांत नसलेलं मुलात काय आहे ते शोधायचं. जन्मणाऱ्या प्रत्येक बाळात, तुमच्या-माझ्यातही, असे साठ-सत्तर नवे बदल असतात. बहुतेक निरुपद्रवी जागी पडतात. क्वचित एखादा मेंदूच्या घडणीला लागणाऱ्या जनुकात पडतो. या प्रकल्पाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सुमारे ४१ टक्के मुलांचं निदान झालं, आणि त्यातल्या जवळपास तीन चतुर्थांश मुलांत कारण असा नवा बदल होता. म्हणजे आईच्या माहेरचं नाही, वडिलांच्या कुळातलंही नाही. पेशी आपली प्रत काढते तेव्हा एखादं अक्षर चुकतं, तसं ते चुकलं. आइसलँडमधल्या ७८ कुटुंबांवरच्या २०१२ च्या अभ्यासात दिसलं, की वडिलांचं वय एका वर्षाने वाढलं की असे बदल सरासरी दोनाने वाढतात. यावरून कुणी आता आईऐवजी बापाकडे बोट करू लागला, तर त्याला विषय कळलेला नाही. वय वाढलेल्या वडिलांची बहुसंख्य मुलं निरोगीच असतात, आणि कुठलं अक्षर चुकावं हे कुणाच्याच हातात नसतं.

यावर एक व्यावहारिक आक्षेप नेहमी येतो: कारण कळून उपयोग काय, औषध तर नाही ना? आणि त्यामागे एक जुनी समजूत असते, की जनुकातलं म्हणजे कपाळावर लिहिलेलं. फिनाइलकीटोन्युरियाचा दोष संपूर्णपणे जनुकीय आहे, तरी त्यावरचा इलाज ताटात आहे. १९५३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल यांनी फिनाइलअ‍ॅलनिन कमी असलेला आहार देऊन सुधारणा दाखवली, आणि १९६३ मध्ये रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताच्या थेंबाची चाचणी दिली. पहिल्या काही दिवसांत निदान होऊन आहार सुरू झाला तर मेंदूची इजा टळते. सगळीकडे असं यश आलेलं नाही, हेही मोकळेपणाने सांगायला हवं. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक अक्षमतेच्या विकाराचं जनुक १९९१ मध्ये सापडलं. उंदरांत चाललेली औषधं माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरली. रेट सिंड्रोम या मेंदूच्या विकासाच्या विकाराचं जनुक हुदा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये शोधलं. एडिनबरोत एड्रियन बर्ड यांनी २००७ मध्ये, लक्षणं दिसू लागलेल्या उंदरांत ते जनुक पुन्हा सुरू केल्यावर लक्षणं मागे हटतात, हे दाखवलं. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झालेलं रेटवरचं पहिलं औषध लक्षणं काहीशी हलकी करतं, रोग मुळापासून घालवत नाही. पण औषध बाजूला ठेवा. नवा बदल हे कारण असेल, तर पुढच्या मुलात तीच अवस्था येण्याची शक्यता साधारण शंभरात एक. आईवडील दोघंही एकेक सदोष प्रत बाळगून असतील, तर चारात एक. बाहेरून दोन्ही प्रकारची मुलं सारखीच दिसू शकतात. दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्या जोडप्याला यातला कुठला आकडा आपला आहे, हे कळू नये का?

आणि इथे आपल्या समाजाचा संबंध येतो. त्याच ब्रिटिश प्रकल्पातून २०१८ मध्ये निघालेल्या एका विश्लेषणात, युरोपीय वंशाच्या मुलांत दोन्ही पालकांकडून सदोष प्रत आल्याने झालेले विकार ४ टक्क्यांहून कमी, तर पाकिस्तानी वंशाच्या मुलांत सुमारे ३१ टक्के आढळले, कारण त्या कुटुंबांत नात्यातली लग्नं अधिक. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नाची रूढी महाराष्ट्रात किती पसरलेली होती, हे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात नोंदवलं आहे. शिवाय पिढ्यान् पिढ्या जातीतच लग्न, म्हणजे नातं सांगता येत नसलं तरी पूर्वज तेच. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या २०१७ च्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समूहांपैकी ८१ समूहांत थोड्या मूळपुरुषांचा हा ठसा फिन आणि अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही गडद निघाला. ही कुठल्या जातीची उणीव नव्हे. लहान संख्येतून वाढलेल्या कुठल्याही समाजात असं होतं, आणि सदोष प्रत दोन्हीकडून सारखीच आलेली असल्यामुळे सुनेच्या माहेराला बोल लावायला इथेही जागा नाही. पण ‘बहुतेक वेळा नवा बदल असतो’ हा ब्रिटनचा निष्कर्ष लातूरला जसाच्या तसा लावता येणार नाही. तुलनेसाठी वापरले जाणारे जागतिक संग्रह मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत. आपल्या एखाद्या समूहात सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल तिथे दुर्मिळ, म्हणून संशयास्पद ठरतो, आणि अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा घेऊन कुटुंब घरी येतं. जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती २०२५ च्या जानेवारीत संशोधकांना खुली केली. ही सुरुवात आहे. एवढ्या विविध देशाला दहा हजार पुरणार नाहीत.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र वेगळाच आहे: हे ज्ञान अशी माणसं जन्मूच नयेत यासाठी वापरलं जाईल. ही भीती पोकळ नाही. जर्मनीतल्या १९३३ च्या सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यात ‘जन्मजात मंदबुद्धी’ हे कारण यादीत पहिलं होतं. गर्भाच्या तपासणीचं तंत्र मुलींविरुद्ध कसं वळलं हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. म्हणून तर या राज्याने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, त्यावर कायदा केला. स्वतः स्वमग्न असलेली माणसंही आता बोलू लागली आहेत. केंब्रिजच्या नेतृत्वाखाली २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालेला, दहा हजार स्वमग्न व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास त्यांच्या विरोधामुळे काही आठवड्यांत थांबवावा लागला. आमची माहिती कशासाठी, आम्हाला न विचारता का, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला रास्त वाटतं. फिट्समुळे झोप न मिळणाऱ्या, कधीच न बोलणाऱ्या मुलाची अवस्था आणि वेगळ्या पद्धतीने विचार करणाऱ्या स्वमग्न अभियंत्याची अवस्था या एका नावाखाली आल्या तरी त्यांच्या गरजा एक नाहीत, आणि संशोधनाचा हेतू ठरवताना दोन्हीकडची माणसं बैठकीत हवीत. तरीही शोध थांबवणं हे मला उत्तर वाटत नाही. जिथे चाचणी आहे पण जवळ शाळा नाही, थेरपी नाही, आईवडिलांमागे सांभाळणारं कुणी नाही, तिथे जोडप्याची ‘निवड’ निम्मी सक्तीचीच असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता यांना मान्यता दिली. त्या कायद्यातली शाळेची आणि आधाराची तरतूद गावापर्यंत नेणं हा प्रयोगशाळेतल्या कामाचाच दुसरा भाग आहे.

आता ज्या निम्म्याहून अधिक मुलांत काहीच सापडत नाही त्यांच्याकडे येतो. नेहमीची तपासणी जनुकसंचाच्या प्रथिनं बनवणाऱ्या एक-दोन टक्के भागापुरतीच असते, आणि बाकीच्या भागात फारसं काही नसेल असं अनेकांना वाटत होतं. २०२४ मध्ये ऑक्सफर्ड आणि न्यूयॉर्कमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे, ब्रिटनच्या एक लाख जीनोम प्रकल्पाची साठवलेली माहिती उघडली आणि आरएनयू४-२ या जनुकापाशी पोचले. ते प्रथिन बनवत नाही. त्याची लांबी जेमतेम १४१ अक्षरं, आणि बहुतेक मुलांत एकाच ठिकाणी एकच अक्षर जास्त. मेंदूच्या विकासाचे विकार असलेल्यांपैकी सुमारे ०.४ टक्के व्यक्तींचं कारण तिथे निघालं. एका जनुकासाठी हे प्रमाण मोठं आहे. ‘काही सापडलं नाही’ असं कळवलेल्या घरांच्या फायली मग देशोदेशी पुन्हा उघडल्या गेल्या. ज्या मुलांत शोधता आलं, त्यांच्यात हा बदल आईकडून आलेल्या प्रतीवर होता. आणि आईच्या रक्ताच्या नमुन्यात ते जादा अक्षर नव्हतं.