कोरस म्हणजे मागची रांग नव्हे

(चंद्रपूरला कलापथकातल्या पोरापोरींसमोर केलेलं भाषण)



चांद्यात उभं राहून गाण्यावर बोलायचं तर १६ ऑक्टोबर १९५६ टाळता येत नाही. नागपूरनंतर दोनच दिवसांनी बाबासाहेबांनी इथं दीक्षा दिली. तेव्हापासून आपण त्रिशरण म्हणतो. पुढं एक, मागं हजार. तालीम कुणी घेत नाही, तरी आवाज एक होतो. कारण ओळ छोटी, चाल संथ, श्वासाला जागा. आणि कुणाला कुणाच्या पुढं पळायचं नसतं.

मग कलापथकात काय बिघडतं? एका गावात कोरस असा उठतो की अंगावर काटा येतो. दुसऱ्या गावात तीच पोरं, तेच गाणं, आणि नुसता गलका. माइकवाल्याला शिव्या देऊन भागत नाही.

आधी पट्टी बघा. पेटी बाप्यांच्या सोयीनं काळी एकवर धरतात. बहुतेक पोरींचा गळा काळी चार-पाचला खुलतो. खाली ओढल्यावर त्यांचा आवाज विझतो. मग आपणच म्हणतो, पोरी मागं राहू द्या, त्यांचा आवाज पोचत नाही. साला, पोचेल कसा? पायाखालची फळी तर आपणच काढली! काळी चार धरून बघा. ज्या पोरांचा गळा चढतो ती पोरींबरोबर गातील, बाकीचे खालच्या सप्तकात. सूर तोच, मजला वेगळा. गाणं फार वर जात असेल तर पट्टी थोडी उतरवा. ठरली की वहीत गाण्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. प्रत्येक वेळी पेटीवर सूर घेऊनच उठा. गर्दी बघून पुढचा गडी तावातावात चढा सूर लावतो आणि शेवटच्या कडव्यात सगळ्यांच्या नरड्याला फास बसतो.

दुसरं, उच्चार. ‘भीम’ म्हणताना कुणाचा ‘ई’ पसरट, कुणाचा आखूड, तर सूर बरोबर असूनही आवाज फाटतो. ‘म’ला ओठ एकाच क्षणी मिटले पाहिजेत. आणि झाडीतला पोरगा ‘पानी’ म्हणतो म्हणून पुण्या-मुंबईवाल्यानं हसायचं कारण नाही. सगळ्यांनी मिळून ठरवा. माझं मत विचाराल तर ‘पानी’च म्हणा. ज्यांची तहान त्यांचा शब्द.

तिसरं, उभं कसं राहायचं. कर्णे लोकांकडं तोंड करून असतात, आपल्याला आपलाच आवाज येत नाही. मग जो तो ओरडतो. म्हणून सरळ रांग मोडा, चंद्रकोरीत उभे राहा, खांद्याला खांदा. बारीक आवाज माइकजवळ, खणखणीत गळे एक पाऊल मागं. ढोलकी पाठीशी नको, बाजूला. ज्याची जी जागा ती रोज तीच. तालमीत माइक बंद ठेवा. आधी तोंड मिटून चाल गुणगुणा, मग डोळे मिटून गा. शेजारचा ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त मोठ्यानं गाताय.

गोदीत जड ओझं उचलताना हाळी देणारा टोळीतला सर्वांत दांडगा नसतो. त्याला सगळ्यांचा दम कळतो. कोरसचा पुढारी तसा हवा.

हे शिकायला लांब जायला नको. गडचिरोलीत गोंड पोरापोरींचा रेला बघा. हातात हात गुंफलेले, एक रांग गाते, दुसरी तेच उचलते. पाऊल एक पडतं म्हणून श्वास एक होतो. पण बघायला जाल ते पाहुणे म्हणून जा, त्यांची गाणी उचलायला नको.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तुम्हाला माहीत आहे. तिथं गावाचे निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतात. २००९ साली त्या गावानं जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. कोरसमध्येही बहुमत चालत नाही. नऊ गळे सुरात आणि एक बाहेर, तर लोकांना तो एकच ऐकू येतो. त्याला हाकलू नका. त्याच्यासाठी थांबा, पट्टी बदला, पुन्हा म्हणा.

आणि हे सगळं कशासाठी? २०११ पासून कबीर कला मंचाच्या कलाकारांना तुरुंगात टाकलं गेलं. शाहिराला उचलता येतं. पण ज्या कोरसमधला प्रत्येक जण तीच पट्टी, तोच शब्द धरून पुढं येऊ शकतो, त्यातल्या कुणाकुणाला उचलणार?

म्हणून उद्याच्या तालमीला मागच्या रांगेतल्या पोरीला पुढं आणा. सूर तिला लावू द्या.

जयभीम.