एक मिलिमीटरचा कृमी आणि म्हातारपण



यंत्रासारखे शरीर झिजते, तेच म्हातारपण, असे आपण समजतो. ‘सी. एलेगन्स’ हा एक मिलिमीटर लांबीचा कृमी निराळेच सांगतो. त्याचे आयुष्य दोन-तीन आठवड्यांचे. म्हणून जन्म ते मरण महिन्याभरात पाहून होते. १९९३ साली कॅलिफोर्नियात सिंथिया केनियन यांनी दाखविले की, ‘डॅफ-२’ या एकाच जनुकात बिघाड झाला तर हा कृमी दुपटीहून अधिक जगतो. आणि तोही रेंगाळत नव्हे, चांगला हिंडत-फिरत! १९९७ साली उमगले की, मधुमेहामुळे आपल्या परिचयाच्या इन्सुलिनचा निरोप पेशीत पोहोचविणाऱ्या मानवी जनुकाचे हे भावंडच. मग आपणही ते बिघडवावे काय? मुळीच नाही. माणसात तेच जनुक पूर्ण निकामी झाले, तर मूल बहुधा तान्हेपणीच दगावते.