करप्याची बुरशी पानात शिरते कशी?



भाताच्या पानावर करप्याचा डोळ्याच्या आकाराचा ठिपका दिसला की आपण म्हणतो, "रोग आज आला." खरं तर तो चार-पाच दिवसांपूर्वीच आत शिरलेला असतो. कसा, ते ऐका.

बुरशीचा बीजकण वाऱ्याबरोबर येऊन पानावर पडतो. दवाचा ओलावा लागला की त्याच्या टोकातून डिंकासारखा पदार्थ सुटतो आणि तो पानाला घट्ट चिकटतो. दोनेक तासांत कोंब फुटतो. कोंबाच्या टोकाला घुमटासारखी गाठ होते. ही गाठ पाणी ओढून घेते आणि तिच्यातला दाब वाढत जातो, थेट हवेच्या दाबाच्या 80 पटीपर्यंत. जीपच्या चाकात आपण हवा भरतो ना, त्याच्या साधारण 40 पट! गाठीचं कवच काळं, टणक, म्हणून ती फुटत नाही. तिच्या तळातून बारीक खुंटी निघते आणि पहारीसारखी पानाची साल फोडून आत जाते.

कडा करप्याचं निराळं. तो जिवाणूंचा रोग; त्यांच्याकडे पहार नाही. पानाच्या कडेची छिद्रं नाहीतर जखमा, हीच त्यांची वाट. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडू नका म्हणतो, ते एवढ्यासाठीच.

बुरशीची पहार मऊ पानात लवकर घुसते, आणि पान मऊ होतं जादा युरियानं. नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात एका आजोबांनी मला पिवळट पडलेलं भात दाखवलं. मी बांधावरूनच म्हणालो, "युरिया द्या, सावरेल." चिखलात उतरून ठिपके पाहिलेच नाहीत. पुढे लोंब्यांच्या माना काळ्या पडून मोडल्या, निम्मं पीक पोचट निघालं. आजोबा काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी चिखलात उतरतो.

पानाला कणखरपणा येतो सिलिकेनं, आणि ती भाताच्या तुसात भरपूर असते. म्हणून चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेच्या वाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळतात. तूस उकिरड्यावर टाकू नका. युरिया हप्त्याहप्त्यानं द्या. ठिपके दिसत असतील तर पुढचा हप्ता थांबवा.

आभाळ भरलेलं आणि पानं सकाळी उशिरापर्यंत ओली, असे दिवस आले की रोज शेतात चक्कर मारा. पहिले ठिपके दिसताच दोन-तीन पानं घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठा. करपा की कडा करपा, हे ठरल्यावरच औषध आणा. बुरशीचं औषध जिवाणूला लागू पडत नाही.