कागद काचेत नको, ग्रामसभेत पाहिजे

(शीळफाट्याच्या बैठकीतलं भाषण)



आज आम्ही सरकारच्या जुन्या दप्तराविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपला प्रश्न जमिनीचा, हे दप्तर मधेच कुठून आलं? ऐका.

मुंबईला फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी दगडी इमारत आहे. तिथं राज्याचं पुराभिलेखागार आहे, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा साठा. हे दप्तर १८२१ साली सुरू झालं. आता या कागदांसाठी वांद्र्याला नवं भवन आणि संग्रहालय बांधायची सरकारची योजना आहे. पैसा जनतेचा, म्हणजे आपलाही. साबण घेताना आपणही कर भरतोच.

त्या कागदांत आपले वाडवडील आहेत. १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव व्हायला लागलं. ठाणे-कुलाब्याच्या लोकांनी ओरड केली, तेव्हा १८८५ साली सरकारला जंगल कमिशन नेमावं लागलं. कुणाला दळी दिली, कुणाचा एकसाली प्लॉट काढला, कुणाला दंड केला, हे कारकुनाने लिहिलं. आपल्याला कुणी वाचून दाखवलं नाही.

आता २००६ चा वनहक्क कायदा बघा. त्याच्या नियम १३ प्रमाणे गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनचौकशीचे कागद, कमिशनांचे अहवाल, हे सगळं दाव्याला पुरावा म्हणून चालतं. तोच कागद काचेच्या पेटीत ठेवला तर पाहुणे बघून जातील. वनहक्क समितीच्या हातात आला तर जमीन वाचेल.

म्हणून संग्रहालयाला आमचा विरोध नाही. कागद जपलेच पाहिजेत, वाळवी लागली तर नुकसान आपलंच. पण त्याच पैशातून गावा-पाड्यांच्या नावानिशी यादी करा. मोडी आणि इंग्रजी कागद मराठीत आणा. नकला तालुक्याला ठेवा, ग्रामसभेला फुकट द्या. मजुरी बुडवून मुंबईला कोण जाणार?

तोवर आपण काय करायचं? सगळे कागद मुंबईत नाहीत. काही कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, काही वनखात्याकडे आहेत. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली, तर संबंधित अधिकाऱ्याने साक्षांकित नक्कल द्यायची, असं नियम १२ सांगतो. तोंडी विचारू नका. ठराव करा, अर्ज द्या, पोच घ्या.

आणि कागदासाठी दावा अडवून ठेवू नका. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब, आपण घातलेला बांध, जुनी विहीर, मसणवट, देवाचं ठिकाण, हेही कायद्याने पुरावेच. एकावर थांबू नका, दोन-तीन जोडा. आपल्या म्हाताऱ्यांना कुणी संग्रहालयात ठेवणार नाही. त्यांचं म्हणणं या पावसाळ्याआधी लिहून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने अर्जाची पोच बरोबर आणावी.

जिंदाबाद!