सिटी चौकातून गेलेली माहिती



२०२१चा प्रजासत्ताक दिन. त्या दिवशी पासष्टीची एक बाई पाकिस्तानच्या तुरुंगातून सुटून आपल्या औरंगाबाद शहरात परतली. नवऱ्याच्या नातेवाइकांना भेटायला ती तिकडे गेली होती. लाहोरात पासपोर्ट हरवला, आणि परत यायला तिला अठरा वर्षं लागली. स्वागताचे फोटो सगळीकडे छापून आले. ती मात्र फेब्रुवारीतच वारली.

त्या बातमीतली एकच ओळ माझ्या मनात राहिली. सिटी चौक पोलीस ठाण्याच्या हद्दीत तिच्या नावावर घर आहे, अशी माहिती इथल्या पोलिसांनी कळवली होती. त्याआधी तिच्या प्रकरणाची तक्रार त्यांच्याकडे पोहोचली होती. म्हणजे कुणीतरी पाठपुरावा केला, कुणीतरी नोंद शोधली.

अशा कैद्यांसाठी भारत-पाकिस्तानात मे २००८मध्ये करार झाला. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतल्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपली आणि नागरिकत्वाची खात्री पटली, की महिन्याभरात सोडायचं, असं त्यात लिहिलंय. लिहायला काय जातं! सगळं अडतं ते त्या खात्रीपाशी. तिकडची माणसं आपल्या तुरुंगांत आहेत, त्यांचीही तीच गत.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात हद्दीची रेघ थोडीच दिसते? ते कराचीच्या तुरुंगात पोहोचतात आणि घरी चूल पेटवायची पंचाईत होते. मुंबईचे पत्रकार जतीन देसाई वर्षानुवर्षं हा विषय लावून धरताहेत. अशा माणसांमुळेच यादीतल्या नावामागचं घर सरकारला दिसतं.

आपल्याकडे वकिलाची वर्गणी लगेच जमते, पण कागद गोळा करायला कुणी बसत नाही. रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, जुना फोटो, हे सगळं शेजाऱ्यांनी मिळून शोधावं. पोलीस ठाण्यात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा, पोच घ्यावी. परराष्ट्र मंत्रालयाचं ‘मदद’ पोर्टल २०१५पासून सुरू आहे. कैद्याच्या म्हाताऱ्या आईला ते उघडता येणार नाही. गल्लीतल्या एखाद्या पोरानं तक्रार भरून द्यावी, तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, आणि दर महिन्याला पुढे काय झालं ते त्या आईला घरी जाऊन सांगावं.