पट्टा पेटीत, नक्कल मोबाइलमध्ये



पावसाळ्यात भामरागडला पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागले की तुमची मदत निघते. धान्य पोहोचते, ब्लँकेटही पोहोचतात. मात्र घरातल्या पत्र्याच्या पेटीत काय भिजले, हे क्वचितच विचारले जाते. त्या पेटीत वनहक्काचा पट्टा असतो, जातीचा दाखला असतो, कधी आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची पिवळी पडलेली नक्कल असते. अनुसूचित जमातीच्या पडताळणीत ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर असा कागद मिळवतानाच दमछाक होते. मिळालेला वाळवीने खाल्ला की नातीचा प्रवेश अडतो.

यिर्मयाने अनाथोथचे शेत विकत घेतले, तेव्हा खरेदीखताच्या दोन प्रती होत्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही मातीच्या पात्रात ठेवायला त्याने बारूखला सांगितले, पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून. कागद जपणे हे कारकुनी काम आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो अध्याय पुन्हा वाचावा.

आजचे पात्र म्हणजे सरकारचे डिजीलॉकर. ते २०१५ पासून आहे आणि मोफत आहे. आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, मग सहा आकडी पिन ठरवायचा. त्यात दोन कप्पे आहेत, आणि त्यांतला फरक लोकांना सांगावाच लागतो. आधार, वाहन परवाना, दहावीची गुणपत्रिका अशी कागदपत्रे थेट त्या त्या विभागाकडून येतात, ती कायद्याने मूळ कागदाइतकीच मानली जातात. पट्ट्याचा फोटो काढून आपण स्वतः चढवतो, ती मात्र नुसती नक्कल. मूळ पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत, पेटीतच राहू द्या. तरीही नकलेवर क्रमांक आणि तारीख असते, त्यामुळे पट्टा गेलाच तर कचेरीत प्रमाणित प्रत मागायला आधार मिळतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, म्हणून नक्कल दोघांच्याही लॉकरमध्ये हवी. सामूहिक हक्काचे काय? मेंढा-लेखाला २००९ मध्ये मिळाला, तसा हक्क अख्ख्या गावाचा असतो आणि लॉकर एकेका माणसाचे. अशा गावात चार-पाच जणांनी नक्कल ठेवलेली बरी.

खरी अडचण किल्लीची आहे. आधारला कधी भाच्याचा नंबर जोडलेला असतो, कधी सेवा केंद्रवाल्याचा. रिचार्ज थांबले की नंबर बंद पडतो आणि काही काळाने दुसऱ्याच माणसाला मिळतो. मग ओटीपी त्याच्याकडे जातो. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन स्वतःचा, चालू असलेला नंबर जोडायचा, लॉकर त्यानंतर.

आणि आपण मदत करणाऱ्यांनी आपला नंबर देऊ नये. एका कार्यकर्त्याच्या फोनवर पन्नास घरांचे ओटीपी आले तर काम भराभर होते, हे मी मान्य करतो. पण मग ती पन्नास घरे त्या कार्यकर्त्यावर अवलंबून राहतात. त्याची बदली झाली की दार बंद. पिनही त्यांचा त्यांनीच ठरवावा. टाकताना आपण मान वळवावी. आधारच्या पाकिटावर तो लिहू देऊ नये.

दिवाळीनंतर मंडळीतले जे तरुण आमच्याबरोबर गावात येणार आहेत, त्यांनी फोन पूर्ण चार्ज करून आणावा. रेंज नसेल तिथे घरच्यांच्याच फोनमध्ये फोटो काढून ठेवा, बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर चढवता येतात. त्यांच्याकडे साधा फोन असेल आणि आपल्या फोनने फोटो काढावा लागला, तर काम झाल्यावर तो त्यांच्यासमोरच काढून टाका.